चपला पाहून कणीक मळणारा

चौकातल्या खांबाला सुखदेवचा फ्लेक्स लागला तेव्हा मी दुधाची पिशवी घेऊन त्याच्या खालीच उभा होतो. आणि मी त्याला ओळखलं नाही. वीस वर्षं ज्याच्या हातचं खाल्लं, तो माणूस माझ्या डोक्यावर टांगलेला, आणि मी शेजारच्या पानठेल्यावाल्याला विचारतो, "हा कोन होय बाप्पा?"

चिखलाच्या रंगाचा जाड कोट, डोक्यावर लोखंडी टोप, छातीवर आडवी बंदूक. खाली लाल अक्षरांत 'वीर सुखदेव यांना मानाचा मुजरा'. त्याच्याखाली मोहल्ल्याच्या मंडळातल्या बारा पोट्ट्यांचे हसरे चेहरे. मिशीवरून ओळखलं शेवटी. उजवीकडची मिशी डावीपेक्षा आखूड. भट्टीच्या जाळानं एकदा जळाली, ती नीट उगवलीच नाही कधी.

मंडळाचा अध्यक्ष बंडू शिडीवरून उतरत होता.

"अबे बंडू, हे काय लावलं?"

"काकाजी, आपल्या मोहल्ल्यातला माणूस फौजेत शहीद झाला. लावा लागते ना."

"कोनाच्या फौजेत?"

"फौज ते फौज असते काकाजी."

"आपली होती काय ते? का तो त्या देशाचा होता? कोनासाठी मेला सांग ना."

बंडू शिडी धरून उभा राहिला. मग तिची घडी घातली. शिडी घेऊन गेला.

सुखदेव आचारी होता. लग्नातला आचारी. तेवढं कुठंतरी लिहिलेलं राहावं म्हणून मी लिहायला बसलो आहे. त्या देशाचं नाव मी लिहिणार नाही. पेपरात रोज येतं, ज्याला पाहिजे त्यानं तिथं पाहावं. माझ्या हातानं ते नाव उमटणार नाही.

माझं बिछायत केंद्र आहे. लग्नाकार्याला गाद्या, सतरंज्या, कनाती, मोठमोठे गंज, कढया, पराती भाड्यानं द्यायच्या. आचारी माझ्याकडं पुष्कळ आले. बहुतेक येतात, भांडी मोजतात, टेम्पोत टाकतात, जातात. सुखदेव पहिल्यांदा आला तो नरखेडकडच्या खेड्यातून, येष्टीनं. खांद्यावर दुपट्टा आणि दुपट्ट्यात गुंडाळलेला स्वतःचा झारा. बोलला काहीच नाही. माझ्या एकेका गंजावर बोटाच्या पेरानं टकटक करत फिरला.

"हा चालन. हा पण. हा नाई, हा रडते."

"गंज कसा रडते बे?"

"बुड पातळ हाय काकाजी. भात लागन, मंग मी रडीन."

खरं सांगायचं तर मला राग आला होता. माझ्या भांड्यांना कोणी नावं ठेवली नव्हती तोवर. पण तो गंज मी बाजूला काढला आणि पुन्हा कोणालाच दिला नाही.

त्याच लग्नात त्याची ती सवय मी पाहिली. मुलीच्या बापानं पाचशे पानं सांगितली होती. पहिली पंगत बसली आणि सुखदेव कणकेचे हात तसेच घेऊन मांडवाच्या दाराशी जाऊन उभा राहिला. मान खाली. मला वाटलं याचं काहीतरी हरवलं.

"काय पाहून राहिला गा?"

"माणसं."

"माणसं आत हायेत ना."

"आतले माणसं हलते काकाजी. चपला हलत नाई."

मग त्यानं मला शिकवलं. रबरी चप्पल म्हणजे खेड्यावरून आलेला माणूस, सकाळचा उपाशी, त्याच्या आठ पुऱ्या धरायच्या. टोकदार चमकता बूट म्हणजे दोन पुऱ्या आणि फोटो. टाचेची चप्पल शेवटच्या पंगतीला बसणार, तिच्यासाठी ताजं ठेवायचं. लेकराची अर्धी. "आन् नवरदेवाचा जोडा साळ्याइनं लपवला असन. एक वरतून धरा." असं मोजून त्यानं परातीत पीठ घेतलं. पाचशे सांगितले होते, त्यानं चारशे वीसची कणीक मळली. शेवटी चार पुऱ्या उरल्या. त्यातल्या दोन त्यानं खाल्ल्या, दोन मी.

चाखत मात्र तो कधीच नसे. देवाला नैवेद्य दाखवायच्या आधी आचाऱ्याच्या जिभेला लागलं की सगळी पंगत उष्टी झाली, असं त्याच्या बापानं त्याला सांगितलेलं. गंजावरचं झाकण उलटं करायचा, त्यावरचे वाफेचे थेंब मनगटावर झटकायचा आणि हुंगायचा. "मीठ बराबर हाय."

"मिठाले वास नसते गा सुखदेव."

"तुमच्या नाकाले नसन."

वीस वर्षांत वरण खारट झालेलं मी पाहिलं नाही. आळणीही नाही.

पुढं तो आमच्याच गल्लीत खोली करून राहिला. घरी मात्र त्याचा काही उपयोग नव्हता. एकदा त्याची बायको मंदा तापानं पडली. म्हणाली, तिघांपुरतं वरण टाका. घरात हे दोघं आणि त्याची म्हातारी आई. सुखदेवनं वरण टाकलं आणि आमची अख्खी गल्ली दोन दिवस ते वरण खात होती. मंदा पांघरुणातून ओरडत होती, "तिघाइचं म्हटलं होतं ना मी!" आणि हा दाराशी बादली घेऊन उभा, चेहरा पडलेला. मला म्हणाला, "काकाजी, तिघाइचं मीठ मायाच्यानं धरल्याच जात नाई. मूठच भरते."

आता तो फ्लेक्सवरचा माणूस आणि हा, एकच कसे मानायचे मी? अजून एक सांगतो. हे बंडूला माहीत आहे, तो तिथं होता. मंडळाची पार्टी होती, काटोल रोडच्या पुढं एका वावरात. पोट्ट्यांनी जिवंत कोंबड्या आणल्या, पाय बांधलेल्या. सुखदेवनं मसाला वाटला, चूल लावली आणि हात पुसले. "मसाला माया. शिजवनं मायं. कापनं तुमचं." पोट्टे हसले. कोणी म्हणालं, कायचा आचारी बे तू, कोंबडीले भेतो. त्यानं ऐकून घेतलं. विहिरीकडं गेला आणि मोटारपंप सुरू केला. वावर भिजलेलंच होतं, पाण्याची काही गरज नव्हती. सगळं कापून होईपर्यंत तो पंपापाशी पाठ करून उभा होता. आवाज कानावर येऊ नये म्हणून.

आणि शेवटचं ते त्याचं विचारणं. पंगती उठल्या, पाहुणे गेले, नवरी गेली, की तो मांडवाच्या मधोमध उभा राहून मोठ्यानं विचारायचा, "कोन राह्यलं गा?" बँडवाले राहिलेले असायचे. जनरेटरवाला राहिलेला असायचा. भांडी घासणारी बाई राहिलेली असायची, तिला तर कोणीच बोलवत नसे. त्यांना बसवायचा, गरम पुरी काढून द्यायचा. पुन्हा विचारायचा, "अजून कोन राह्यलं?" कोणीच उत्तर दिलं नाही की मग एक गंज उपडा घालून त्यावर बसायचा आणि गुडघ्यावर ताट घेऊन जेवायचा. मी कितीदा म्हटलं, थंडं होते गा, खाऊन घे. म्हणायचा, "आचाऱ्यानं मधात खाल्लं त त्याले पुढची भूक समजत नाई."

असा माणूस गेला कशाला तिकडं? लोक विचारतात. उपाशी होता असं नाही. त्याचं दुखणं वेगळं होतं. पंगती संपत चालल्या होत्या. लॉनवरची लग्नं, उभ्यानं जेवण, ताट हातात. एका केटरिंगवाल्यानं त्याला घेतलं, पांढरी उंच टोपी घातली आणि डोशाच्या तव्यामागं उभं केलं. तीन लग्नं केली त्यानं तशी. चौथ्याला टोपी परत देऊन माझ्याकडं आला.

"एकेकाले विचारा लागते, कांदा टाकू का नको टाकू. हे पंगत नोहे काकाजी. हे हजामत होय."

नंतर कोणीतरी त्याला सीताबर्डीतल्या एका हापिसाचा पत्ता दिला. कपड्याच्या दुकानावर तिसरा माळा. त्याच्यासोबत मीही एकदा गेलो होतो. खिडकीतून मेट्रो जाताना दिसत होती, भिंतीवर परदेशातल्या इमारतींची चित्रं. तिथला माणूस गोड बोलणारा. म्हणाला, परदेशी फौजेच्या खानावळीत आचारी पाहिजेत. लढाई कुठं, खानावळ कुठं. शेकडो मैल मागं. सुखदेवच्या कानात त्यातलं एकच शिरलं.

"हजार मानूस, काकाजी. पंगतच होय ते. सकाळी हजार, संध्याकाळी हजार. बाराही महिने. सीझनची वाट पाहाचं कामच नाई."

"लढाई चालू हाय म्हनते तथी."

"लढाईत लोकाइले भूक लागत नाई काय?"

आठ दिवसांनी तो कागद घेऊन आला. इथून पुढं मी हळू लिहितो.

मोहल्ल्यात कोणालाही कागद आला की तो माझ्याकडं येतो. विजेचं बिल, राशनचा फारम, कोर्टाची नोटीस. मी चौथी शिकलो, पण वाचन सोडलं नाही, आणि मला त्याचा अभिमान आहे. 'काकाजीले दाखव' असं लोक म्हणतात ते मला आवडतं. आवडायचं. सुखदेवला फक्त नाव काढता यायचं. त्यानं तो कागद माझ्यासमोर ठेवला. पाच-सहा पानं. अर्ध्या भागात त्या देशाची लिपी, अर्ध्यात बारीक इंग्रजी. इंग्रजी मला दुकानाच्या पाट्यांपुरती येते.

"वाचून सांगा काकाजी. तुमी हो म्हटलं त सही करतो. नाई म्हटलं त नाई करत."

दुकानात दोन गिऱ्हाइकं बसली होती. मी चष्मा लावला. पहिलं पान पाहिलं. एकही ओळ मला लागली नाही. दुसरं पान उलटवलं. खरं वाचणाऱ्याला लागेल तेवढा वेळ प्रत्येक पानावर थांबलो. मध्ये एकदा मान हलवली. एका ठिकाणी बोट ठेवून 'हं' म्हटलं. शेवटचं पान झालं, चष्मा काढला आणि म्हटलं,

"बराबर हाय. कर सही."

त्यानं केली. माझ्याच पेनानं, माझ्याच गाद्यांच्या थप्पीवर कागद ठेवून. जीभ दातात धरून एकेक अक्षर काढलं. मग माझ्या पाया पडला.

मला येत नाही, दुसऱ्याला दाखव, एवढं म्हणायचं होतं. माझ्या घरासमोर कॉलेजची पोरगी राहते. वीस पावलं.

पहिला महिना चांगला गेला. मोबाइलवर त्याचा चेहरा यायचा. बटाटे आणि पत्ताकोबी, दुसरं काही नाही म्हणाला. सांबार म्हणजे कोथिंबीर मिळत नाही, हिंग मिळत नाही. गंज मात्र भारी. "एकही रडत नाई काकाजी." मीही हसलो.

दुसऱ्या महिन्यात चेहरा आला तो त्या टोपाखालचा.

"हे काय घातलं बे?"

"बंदूक शिकवून राहिले. सगळ्याइलेच शिकवते म्हनते. आचाऱ्याले पन. आता पुढं नेतीन."

"तू सांग ना त्याइले! मी सैपाकी होय, मी या देशाचा बी नोहे म्हन!"

"म्हटलं ना काकाजी. ते कागद दाखवते. म्हनते, सही तुयीच होय ना." त्यानं टोपाचा पट्टा सैल केला. "मी बी मंग म्हटलं त्याइले. तुमी खोटं बोलता. कागदात असं काही नाई. आमच्या काकाजीनं पूरा वाचला हाय."

मी फोन हातात धरून बसलो होतो. पलीकडं तो माझ्याकडं पाहत होता, मी काहीतरी सांगेन म्हणून. मी म्हटलं, "तब्येत सांभाळजो."

पुढं थंडी सरता सरता मंदाला एका अनोळखी माणसाचा फोन आला. तो तिकडं सुखदेवबरोबर होता, आपल्याच देशाचा, पंजाबकडचा. "भाभी, सुखदेव भाई नहीं रहे." बातमी आली. माणूस नाही आला, अजूनही नाही. सीताबर्डीच्या त्या हापिसावर मी गेलो तर कुलूप, आणि पाटी काढलेल्या जागी चार खिळे.

आणि मग तो फ्लेक्स.

लागला त्याच दिवशी मंदा चौकात आली. कोणीतरी सांगितलं असेल. ती बराच वेळ वर पाहत राहिली. बंडू पुढं आला. पोरगा वाईट नाही, त्याला वाटलं आपण धीर देतो आहोत.

"वहिनी, रडू नका. गर्व करा. सुखदेवभाऊ सगळं समजून-उमजून फौजेत गेल्ता. काकाजीनं पूरा कागद वाचून देल्ता त्याले. विचारा पाहिजे त."

मंदा माझ्याकडं वळली. पदर दातात होता, तो तिनं काढला.

"काकाजी, कागदात होतं काय? बंदुकीचं?"

मी खांबाच्या बुडाकडं पाहिलं.

"म्हंजे त्याइले माहीत होतं. लढाले चाललो हे माहीत होतं, आन् मले सांगून गेले सैपाकाले चाललो म्हनून." तिचा आवाज चढला नाही, उलट बसत गेला. "एवढ्या वर्साच्या संसारात एक खोटं नाई बोलले ते मायासंगं. हे एवढं मोठं बोलून गेले?"

मला तेव्हा समजलं की मी गप्प राहून काय करतो आहे. माणूस मी घालवलाच होता. आता त्याचं खरेपणही घालवत होतो. बायकोच्या मनातून तो उतरत होता माझ्या डोळ्यांदेखत, आणि एक वाक्य माझ्याजवळ होतं. बाजूला बंडू, पानठेलेवाला, त्याची चार गिऱ्हाइकं. सगळ्यांचे कागद मी वाचलेले.

"नाई वं मंदा," मी म्हटलं. "त्याले काहीच माहीत नव्हतं. त्यानं मले इचारलं, आन् म्या नुसते पानं पलटवले. मले वाचता येत नव्हतं ते. म्या वाचलंच नाई."

पानठेलेवाल्यानं रेडिओ बंद केला.

मंदानं मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं. तिनं पुन्हा वर पाहिलं, त्या टोपाकडं, त्या आखूड मिशीकडं.

"म्हंजे ते खरंच सैपाकालेच गेल्ते," ती म्हणाली. मग बंडूला म्हणाली, "भाऊ, काढा ते."

बंडू म्हणाला, "पन वहिनी..."

"बंडू," मी म्हटलं, "त्या वावरात पंप कोनं चालू केल्ता, आठवते काय तुले?"

बंडूनं मान खाली घातली. शिडी आणायला गेला.

त्या दिवसापासून मंदा माझ्याशी बोलत नाही. बरोबर आहे तिचं. मोहल्ल्यातलं कोणी कागद घेऊन येत नाही, तेही बरोबर आहे. आला तर आता मी समोरच्या पोरीला हाक मारीन.

पण सुखदेव मला फ्लेक्सवरचा दिसत नाही. दिसतो तो त्याच्या शेवटच्या फोनमधला, बातमी यायच्या पाच-सहा दिवस आधीचा. इकडं दुपार होती, मी दुकानात सतरंज्यांच्या घड्या घालत होतो. एक तंबू दिसला. आत शेगडी, तोंडाशी बर्फाचा चिखल. तो घाईत होता. पुढं नेल्यावरही रांधणं त्याच्याकडंच होतं. पाव आलाच नाही म्हणे दोन दिवस, पीठ आहे, पोळ्या टाकतो. पाठीला बंदूक लटकलेली.

"काकाजी, एक इचाराचं होतं." त्यानं फोन फिरवला आणि तंबूच्या तोंडाशी धरला. तिथं बूट होते, चिखलानं भरलेले, ओळीत लावलेले. लावलेले त्यानंच असणार. "आत येताना ओले बूट इथं काढते सारे. सकाळी चाळीस जोड होते. म्या मोजले. सकाळी गेले सारे. आता पाहा."

मी पाहिलं. अकरा होते.

"जेवाची वेळ झाली. ह्या अकराइले इचारलं, बाकीचे कवा येतीन, त कोनी बोलूनच नाई राहिलं." त्यानं फोन पुन्हा स्वतःकडं वळवला. तोंडावर जाळाचा उजेड होता. "सांगा ना काकाजी. कितीची मळू?"

मला माहीत होतं. त्यालाही माहीत असणार. चपला पाहून ज्याला चारशे वीस कळायचे, त्याला अकरा कळत नव्हते असं नाही. पण तो माझ्याकडं बघत उभा राहिला, त्या दिवशी कागद पुढं ठेवून उभा होता तसाच. मी सांगेन ते करायला.

"चाळीसची मळ गा," मी म्हटलं. "येतीन ते."

"बरं काकाजी."

ऐकलं त्यानं माझं. फोन कशाला तरी टेकवून ठेवला आणि परात ओढली. मला त्याची पाठ दिसत होती फक्त. दोन मुठी, चार मुठी, तो पीठ घेतच राहिला. मग वाकून मळायला लागला, पूर्ण अंगाचा भार टाकून, आमच्या मांडवात मळायचा तसा, आणि प्रत्येक रेट्याला पाठीवरची बंदूक घसरून परातीच्या काठावर वाजायची. त्यानं ती कोपरानं मागं सारली. पुन्हा घसरली. पुन्हा सारली.